गंध लागलेला काटा

गेल्या आश्विनात आमच्या गल्लीतले सर्व जुनाट रोग सलग सतरा दिवस बंद होते. ही गोष्ट धर्मार्थ औषधालयाच्या वार्षिक अहवालात पान नऊवर छापलेली आहे, तेव्हा ती खरी मानूनच पुढे जावे लागेल. त्या सतरा दिवसांत माझ्या लेकीला तीनदा दमा लागला. तो अहवालात नाही.

लेकीचे नाव ललिता, घरात लली. वय वर्षे पाच. आभाळ जड झाले की तिच्या छातीत घरघर सुरू होते आणि ती मला शांतपणे येऊन सांगते, "आई, मांजर आलं." मग मी तिच्या गळ्याखालचा खळगा बघत बसते. तो श्वासागणिक किती आत जातो, यावरून मला घरातले सगळे बेत ठरवावे लागतात: स्वयंपाक, पाहुणे, माझी झोप. गिरगावात आमच्या घरापासून शंभर पावलांवर औषधालय आहे. तिथल्या तपकिरी मिक्स्चरने मांजर झोपते. बाटली आपण न्यायची, कंपाउंडर तीवर मात्रांची कागदी पट्टी चिकटवून देतो. एवढे साधे काम होते.

ते साधे राहिले नाही याला कारण मीच. पावसाळ्यात एकदा डॉक्टर म्हणाले होते, "हवेचा दाब उतरला, की छाती, सांधे, जुनी डोकेदुखी यांना ते आधी कळतं. पण सगळ्यांना नाही, आणि दर वेळेला नाही. का, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही." मी कॉलेजात दोन वर्षे काढलेली आहेत. त्यामुळे जे डॉक्टरांना पुरते ठाऊक नव्हते ते मला लगेच ठाऊक झाले. घरी येऊन मी कमिटीला इंग्रजीत अर्ज लिहिला: औषधालयात वायुभारमापक यंत्र टांगावे, म्हणजे हवा उतरताना आयांना आदल्या दिवशी कळेल आणि बाटल्या भरून ठेवता येतील. अर्ज मान्य झाला. अर्ज मान्य होण्यात केवढा धोका असतो, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

यंत्र आले. एका कापसाच्या दलालाने ते मोडीत निघालेल्या जहाजाच्या लिलावात घेऊन औषधालयाला अर्पण केले. पितळी, ताटाएवढे गोल, आत एकच काटा. गल्लीने त्याला 'हवेचं घड्याळ' म्हणायला सुरुवात केली. त्यावरच्या इंग्रजी शब्दांवर सेक्रेटरी हेरंबरावांनी स्वतःच्या हस्ताक्षरात मराठी पट्ट्या डकवल्या: वादळ, पाऊस, फेरबदल, स्वच्छ, अतिकोरडे. हेरंबराव तीस वर्षे जकात खात्यात होते. पासावाचून कोणतीही वस्तू शहरात येऊ शकत नाही, या श्रद्धेवर त्यांचे पेन्शन उभे होते.

त्यांनी मला बोलावून घेतले.

"कालिंदीबाई, हवा उतरली की रोग चढतो, हे आपणच लिहिलंत ना?"

"हो."

"मग हवा उतरलेली नसताना रोग चढला, तर तो कोणाच्या परवानगीने?"

मी उत्तर शोधू लागले. तर्कशास्त्राच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसत असे. पण त्यांनी प्रश्न इतक्या अदबीने विचारला होता, की चूक काढणे मला असभ्यपणाचे वाटले. माझे मौन संमती म्हणून टिपून घेण्यात आले.

आठ दिवसांत नियम लागले. दमा, सांधेदुखी, अर्धशिशी आणि जुनाट खोकला हे चार रोग 'हवाधीन' ठरले. बाकीचे गळवे, खरूज, ताप वगैरे 'स्वाधीन'. हवाधीन रोगाचे औषध काटा 'फेरबदल' किंवा त्याखाली असेल त्याच दिवशी मिळेल. काटा वर असताना कोणाला त्रास झाल्यास त्याने तो नियमित होईपर्यंत थांबवावा.

लोकांना शिस्त लागायला फार दिवस लागत नाहीत. सकाळी दहाला दारात रांग उभी राही. शिपाई धर्मा स्टुलावर चढून काटा वाची. त्याने "फेरबदल!" म्हटले की रांग एकसुरात कण्हू लागे, "स्वच्छ!" म्हटले की रांगेतली माणसे चेहऱ्यावर आरोग्य आणून घरी परतत. आमच्या शेजारच्या शांताकाकूंचे गुडघे साठ वर्षांत कधी दुखले नव्हते. पण काटा पडला त्या दिवशी त्याही बाटली घेऊन आल्या.

"काकू, तुम्हाला कुठे काय होतंय?" मी विचारले.

"होत नाही गं. पण आज मिळतेय, तर एक गुडघेदुखी घेऊन ठेवते. पुढं लागली तर?"

मग दसरा आला. धर्मा हा मोठा भाविक माणूस. औषधालयातली एकूण एक आयुधे त्याने पाटावर मांडली: तराजू, खलबत्ता, कात्री, दात उपटायचा चिमटा. सगळ्यांना गंध, अक्षता, झेंडूची फुले. दाढ धरून आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्याने आपट्याचे पान देऊन परत पाठवले. पूजेतला चिमटा त्या दिवशी उचलायचा नसतो. मी ललीला घेऊन नमस्काराला गेले, तेव्हा तो स्टुलावर चढून हवेच्या घड्याळासमोर उभा होता.

"काचेला गंध लावून काय उपयोग वहिनी?" तो म्हणाला. "काच म्हणजे कपडा. देव आत."

त्याने पितळी कडे फिरवून काच काढली आणि काट्याला अंगठ्याने घसघशीत गंध-कुंकू लावले, वर अक्षता डकवल्या, एक झेंडूची पाकळी बसवली. काटा तेव्हा 'स्वच्छ'वर होता. लाल काटा, पिवळी पाकळी. फार शोभून दिसत होता. मी हात जोडले. घरात दूध उतू जाण्याआधी ज्या बाईला त्याचा वास येतो, तिला या पूजेत काहीही वावगे दिसले नाही, हे इथे नमूद करते.

दुसऱ्या दिवशी गंध वाळले. त्यानंतर काटा हलला नाही.

एकादशी स्वच्छ. कोजागरी स्वच्छ. हेरंबरावांनी रोजच्या नोंदी पाहून कमिटीला कळवले की, यंत्र आल्यापासून हवेला वळण लागत आहे. ललीला दोनदा मांजर आले. दोन्ही वेळा आधीच्या बाटलीच्या तळाशी जे उरले होते ते पुरले. आता बाटली कोरडी होती.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी काशीबाई मासळी घेऊन आली. काशीबाई माझगावची कोळीण. टोपली उतरवताना तिने डावा पाय लांब केला आणि तोंड वाकडे केले.

"बाय, आज दोन पापलेटा जास्त घे. उद्या मिलायची नाय. माजा गुडगा परवापासून ठणकतंय. दर्या फिरनार. आमच्या लोकांनी होड्या वर वढल्या."

"अगं, पण हवेचा काटा तर स्वच्छवर आहे."

"तुजा काटा कदी दर्यावर गेलता काय?"

"गेला होता तर! जहाजावरचाच आहे तो."

"मंग ते जहाज मोडीत का निंगालं?" काशीबाईने विचारले.

वसुबारसेला सकाळपासून वारा माडांचे केस ओढू लागला. आठ वाजता लली माझ्याजवळ आली, पण मांजर आल्याचे तिला एका दमात सांगता आले नाही. गळ्याखालचा खळगा इतका आत जात होता की त्यात माझे बोट मावले असते. मी तिला कडेवर घेतले, बाटली घेतली आणि निघाले. काशीबाई रिकामी टोपली घेऊन गल्लीतच भेटली. गुडघ्याला औषध मागायचे म्हणून तीही बरोबर आली. आम्ही औषधालयाच्या पायऱ्या चढलो तेव्हा पावसाचा पहिला सपाटा मागून अंगावर आला.

आत चाळीसएक माणसे दाटीने उभी होती. कोणी धापा टाकत होते, कोणी कंबर धरून होते. सगळे अनधिकृत. डॉक्टर आतल्या खोलीत मिक्स्चर ढवळत होते. द्यायची परवानगी नसल्यामुळे ढवळण्यात त्यांनी कसूर ठेवली नव्हती. हेरंबराव टेबलामागे बसले होते. त्यांचा उजवा पाय उघडा, स्टुलावर उशी ठेवून तीवर. अंगठा टोमॅटोसारखा लाल.

"हेरंबराव, मुलीला दम लागलाय. आधी बाटली भरून द्या."

"बाई, काटा पाहा."

"मी मुलीकडे पाहतेय."

"तिथेच आपली गफलत होते. काटा स्वच्छ दाखवतोय. स्वच्छ हवेत दमा लागत नाही, हे आपल्याच अर्जात आहे. परिच्छेद दुसरा."

छपरावर एक कौल सरकले. पाण्याची धार हेरंबरावांच्या पागोट्यावर पडू लागली. धर्माने अदबीने छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली.

"हा पाऊस दिसत नाही का तुम्हाला?"

"पाणी पडतंय खरं," हेरंबराव छत्रीखालून म्हणाले. "पण पाऊस म्हणून त्याची अजून नोंद नाही."

"आणि तुमचा अंगठा?"

"अंगठ्याचं काय?"

"सुजलाय."

"बसायची सवय आहे माझी अशी." वाऱ्याने खिडकी आदळली, तसे त्यांचे डोळे पाण्याने भरले. "सांधेदुखी हवाधीन आहे, बाई. आज मला ती होऊच शकत नाही. नियम करणाऱ्यानेच मोडायचा म्हटल्यावर…"

ललीने माझ्या खांद्यावर डोके टेकले. "आई," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ घेऊन, "मांजर… मोठं झालं."

तेव्हा मी प्रथमच त्या यंत्राकडे मुलीच्या गळ्याकडे पाहते तसे पाहिले. काट्यापासून तबकडीपर्यंत वाळलेल्या गंधाचा जाड पूल. वर अक्षता, दसऱ्याच्या. सुकून काळी झालेली पाकळी.

"धर्मा! अरे, काटा चिकटलाय! पुसून काढ तो."

धर्माने छत्री घट्ट धरली. "पूजेचं गंध कसं पुसू, वहिनी? आपोआप गळलं तर गोष्ट वेगळी."

"साहेब, तुम्ही सांगा त्याला!"

"यंत्रास हात लावण्यासाठी कमिटीचा ठराव लागतो," हेरंबराव म्हणाले. "सभा मार्गशीर्षात आहे."

काशीबाईने टोपली खाली ठेवली. ललीकडे एकदा पाहिले. मग लंगडत स्टुलाकडे गेली, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून वर चढली, आणि काचेचे कडे उसन्या घेतलेल्या डब्याचे झाकण काढावे तसे फिरवून काढले.

"माय माऊली," तिने काट्याला नमस्कार केला, "सतरा दिस हुबा केलाय तुला. आता बस जरा."

आणि पदराच्या ओल्या टोकाने तिने गंध पुसले.

काटा थरथरला. मग फेरबदल, पाऊस, सगळे ओलांडून एका दमात धाडकन 'वादळ'वर जाऊन आपटला. त्याच धक्क्याने ओली झालेली 'अतिकोरडे' ही पट्टी खाली पडली.

"आई गंऽऽ!" हेरंबराव किंचाळले आणि त्यांनी अंगठा दोन्ही हातांनी धरला. तीन दिवसांची कळ त्यांना त्या क्षणी अधिकृतपणे आली होती. पाठोपाठ सगळी खोली मोकळेपणाने कण्हू लागली. डॉक्टर मिक्स्चरचे पातेले घेऊनच बाहेर आले. पहिली मात्रा ललीला मिळाली. दुसरी हेरंबरावांनी मागितली. ती दम्याची आहे हे त्यांना घेतल्यावर कळले.

पाऊण तासाने ललीचा खळगा भरून आला. "झोपलं," ती म्हणाली, आणि काशीबाईच्या टोपलीत काय आहे ते बघायला वाकली.

कमिटीची सभा मार्गशीर्षातच भरली. चौकशीत असे आढळले की, सतरा दिवस हवा स्वच्छ आणि जनता निरोगी होती. एका कोळिणीने काट्याचे गंध पुसताच पाच मिनिटांच्या आत वादळ झाले व चाळीस इसम आजारी पडले. तेव्हा रोगाचे कारण स्पष्ट आहे. सबब, काट्याला रोज सकाळी ताजे गंध लावण्यात यावे. धर्मा आता या कामी नेमलेला अधिकृत माणूस आहे आणि आमची गल्ली कागदोपत्री मुंबईतली सर्वांत निरोगी गल्ली आहे.

मी मात्र बाटली भरायला जाताना काशीबाईला बरोबर नेते. तिचा पदर बहुधा ओलाच असतो.

मी शहाणी झाले, असे कोणी समजू नये. परवा लली अंगणात लंगडी खेळत होती. काशीबाई गुडघा चोळत आली आणि मी धावत जाऊन ललीला उचलले, शालीत गुंडाळले, पाटावर बसवले.

"आई, मांजर नाहीये," लली म्हणाली.

"येईल. बस."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तू बोलावतेस का त्याला?"

वाचकहो, हेरंबरावांना तुम्ही मनापासून हसला असाल. आता एक विचारते, खरे सांगा. वर काटा सुटून वादळावर आपटला, तेव्हा तुमच्यापैकी कितीजणांचा हात नकळत आपल्या गुडघ्यावर गेला? आणि ज्यांचा गेला, त्यांतल्या एकाने तरी आधी मान वळवून खिडकीबाहेर पाहिले का? नसेल पाहिले, तर घाई करू नका. उद्या दहाला धर्मा स्टुलावर चढेल. तो वाचून दाखवील, मगच दुखू द्या.