दोन बोटं बसली

मैना तरटे शाळेपुढच्या गतिरोधकावरून वर गेली ती अजून खाली आली नव्हती, म्हणून शेवंताने नवऱ्याच्या मोटरसायकलची स्प्रिंग सैल करून घ्यायचं ठरवलं.

मैना तिची शेजारीण. सासरे माजी सरपंच. त्यांची गाडी काढून ती दळण आणायला गेली होती. मागची स्प्रिंग सासऱ्यांच्या वजनाला कसलेली; गतिरोधक लागताच तिने मैनाला उडवलं. पिठाचा डबा खाली आला, मैना नाही आली. आता ती कडुनिंबाच्या शेंड्याएवढी उंच होती आणि रोज थोडी वर सरकत होती. सासू बांबूच्या टोकाला भाकरी बांधून वर धरायची. गावाने सुरुवातीला माना वर करून पाहिलं, मग माना दुखायला लागल्या.

टेंभापुरात माणसाचं वजन काट्यावर मोजत नाहीत. चारचौघांत शब्दाला जेवढा मान, तेवढं वजन, आणि त्याच वजनाला गाडीची स्प्रिंग कसायची. शेवंताचा नवरा दत्तोबा घोलप बाजार समितीचा संचालक. स्प्रिंग शेवटच्या, सगळ्यात ताठ खाचेवर असूनही तो बसला की गाडी चार बोटं खाली जायची. तो वारला आणि गाडी दारात मान ताठ करून उभी राहिली.

शेवंताला वाडीवरच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं होतं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसरी बाई टपलेलीच होती. तिकडे एसटी जात नाही. गाडी तिला चालवता येत होती, पण वाटेत गावातल्या शाळेपुढचा तोच गतिरोधक. आणि येता-जाता मैनाचा आवाज वरून यायचा, रोज थोडा बारीक होत: "शेवंता, इथून तुझ्या घराची कौलं दिसतात गं. दोन फुटलीत."

कौलं खरंच फुटलेली निघाली. तिने पदर खोचला आणि गाडी हाताने ढकलत गफूर मिस्त्रीच्या गॅरेजात नेली.

"बसा काकी," मिस्त्री म्हणाला. ती बसली. त्याने चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घातली. "गाडी एकही बोट खाली बसली नाही."

"उपाशी नाही आले मी. दोन भाकऱ्या खाऊन आलेय."

"भाकरीचं वजन इथं धरत नाहीत. पहिल्या खाचेवर आणून देतो. पण त्याच्याखाली खाच नाही. तिथंही नाही बसली, तर..."

"तर काय?"

मिस्त्रीने वर पाहिलं. वर पत्रा होता, तरी पाहिलं.

तेवढ्यात तिचा धाकटा दीर जगन्नाथ आपल्या गाडीवरून दणक्यात येऊन थांबला. गावात कुणीतरी त्याला सांगितलं असणारच.

"वहिनी, त्या स्प्रिंगला हात लावायचा नाही. दादाचं वजन आहे त्यात. सैल केली तर लोक काय म्हणतील? घोलपांचं वजन उतरलं म्हणतील."

"आणि मी वर लटकले, तर काय म्हणतील?"

"तुम्हाला कुणी सांगितलं गाडीवर बसायला? घरात बसा."

"घरात बसून चूल पेटत नाही, भावजी. मिस्त्री, फिरवा पाना."

पाना फिरला. स्प्रिंग करकरत एकेक खाच उतरत गेली आणि पहिलीवर येऊन थांबली. शेवंता बसली. मिस्त्रीने बोटं घातली, चिमटीत धरल्यासारखं काहीतरी मोजलं. "अर्धं बोट. चालवा, पण हळू. आणि भिऊ नका. भ्यालात की तेवढंही जाईल."

न भ्यायचं कसं, ते त्याने सांगितलं नाही.

"उठा," जगन्नाथ म्हणाला. "वाटोळं केलंत गाडीचं. आता माझ्यासारखा माणूस बसला, तर जमिनीला टेकेल. बघाच." आणि तो दाणकन बसला.

गाडी हलली नाही. मिस्त्रीने बोटं घातली, काढली, फडक्याला पुसून पुन्हा घातली.

"भाऊ, तुमच्या गाडीची स्प्रिंग कितव्या खाचेवर आहे?"

"शेवटच्या! दादाच्या बरोबरीने कसून घेतलीय."

"दादा होते तोवर ठीक होतं. आता गाडी इथंच ठेवा आणि चालत जा. भिंतीच्या कडेकडेने."

जगन्नाथ हसला. ते हसू जरा उशिरा आलं. त्याने किक मारली.

"भावजी, थांबा!" शेवंता रस्त्यापर्यंत धावली. "उतरून ढकलत न्या! शपथ आहे तुम्हाला!"

तो थांबला नाही. गाडीचा आवाज शाळेपर्यंत गेला. मग गाडी पडल्याचा आवाज आला. आणखी काही पडल्याचा आला नाही.

शेवंताला घरी त्याच रस्त्याने जायचं होतं. आज ढकलत नेता आली असती, पण सोमवारी बसूनच जायचं होतं. गतिरोधकाच्या अलीकडे तिने गाडी थांबवली. जगन्नाथ वर होता, मैनाच्या बराच खाली, एका पायात चप्पल नव्हती.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका."

"सगळं गाव बघतंय, भावजी."

"बरं झालं," वरून मैनाचा बारीक आवाज आला. "बोलायला कुणीतरी आलं."

शेवंताने दात आवळले. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, आणि तिच्या पोटातलं सगळं वर गेलं. ती सीटवरून सुटली, आता गेलेच, असं तिला वाटलं. मग सीट तिच्या मागोमाग वर आली, तिला टेकली आणि तिला घेऊन सावकाश खाली बसली.

"शेवंता!" मैना ओरडली. "दोन बोटं बसली गं! मी बघितली!"

सोमवारी खिचडीला निघताना शेवंताने दोन भाकऱ्या जास्त थापल्या. जगन्नाथपर्यंत बांबू सहज पोचला. मैनासाठी त्याला दुसरा जोडावा लागला.