मंदाकिनीबाईंच्या दुपारच्या निद्रेची मोहीम, खळ-प्रकरणासह

श्री गजानन समर्थ. शके सत्राशें चार, शुभकृतनाम संवत्सर, आश्विन शुद्ध द्वादशी, ते दिवशीं पुणें शहरीं सदाशिव पेठेंत जें रण जाहलें त्याची ही हकीकत, जैसी घडली तैसी, पदरचें न घालतां लिहिली असे. मोठमोठ्या लढायांच्या हकीकती सांगणारे या शहरीं बहुत. घोडे किती पडले, तोफा किती फुटल्या, हें जो तो ओसरीवर बसून सांगतो, आणि सांगणारांपैकीं निम्मे लोक शहराच्या वेशीबाहेर कधीं गेलेले नाहींत. परंतु दोन लहान मुलें एक दुपारभर गुपचूप बसवून ठेवणें ही काय मोहीम असते, तें लिहून ठेवावें ऐसें कोणा शहाण्यास सुचलें नाहीं. म्हणोन आम्हींच लेखणी धरिली. आम्ही शेजारीं राहतों. पाहावयास गेलों नव्हतों. आमच्या माडींतून दिसतें, त्यास आमचा इलाज नाहीं.

तर वर्तमान ऐसें. राजश्री दिगंबरपंत, एका सरदारांचे दफ्तरीं कारकून, यांचें कुटुंब सौभाग्यवती मंदाकिनीबाई यांस भाद्रपदापासून ताप येत होता, आणि त्या तापानें बाईंच्या देहाचा मुलूख पार उजाड केला, आणि पंत उशाशीं बसून राहिले, आणि एके समयीं तर पंतांनीं आशा सोडिली होती. हें त्यांनीं कोणास बोलून दाखविलें नाहीं, परंतु सगळ्या आळीस कळलें. मग दसऱ्याचे सुमारास ताप उतरला. वैद्य आले, नाडी पाहिली, आणि हुकूम सोडिला कीं, गनीम हटला आहे पण लांब गेला नाहीं; धाकट्या कन्येच्या जन्मापासून ही बाई सलग निजलेली नाहीं; आज दोन प्रहरांपासून दिवेलागणीपर्यंत हिला अखंड झोंप मिळाली तर ताप परतणार नाहीं, आणि झोंप मोडली तर पुढें आम्हांस बोलावूं नये. 

झोंपेच्या वाटेवर दोन बलाढ्य सत्ता होत्या. एक चिरंजीव राजश्री श्यामसुंदरराव, उमर तीन सालें, स्वभाव चौकस, आवाज नगाऱ्याचा. दुसऱ्या मातुश्री कुसुमबाईसाहेब, उमर दीड साल, पायीं नुकत्याच चालूं लागलेल्या, दांत थोडे, परंतु जे होते ते कामावर हजर. उभयतांस आईवांचून घटकाभर करमत नसे. घरांत आणखी एक तीर्थरूप तुळजाबाई, पंतांच्या आत्या. परंतु त्या अखंड सोवळ्यांत, आणि सोवळ्यांत मुलांस शिवणें कायद्यानें मना. सबब सारी मोहीम एकट्या पंतांचे शिरावर आली. दसरा नुकताच जाहला होता, तमाम सरदार सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघून गेले होते, पंतांचे सरदारही गेले, दफ्तर बंद पडलें, आणि पंत घरीं मोकळे सांपडले.

माजघरालगतच्या खोलींत जातांना बाईंनीं पृच्छा केली, "मुलं आवरतील का इकडून?" पंतांनीं उत्तर दिलें, "दोन मुलंच तर आहेत." हें वाक्य येथें नोंदून ठेविलें, कारण पुष्कळ फौजा याच वाक्यावर बाहेर पडतात.

मग पंतांनीं बंदोबस्त केला. कुसुमबाईसाहेबांचे पैंजण उतरवून कोनाड्यांत ठेविले. श्यामसुंदररावांस ताकीद केली कीं, आज कोणीं मोठ्यानें बोलूं नये, हाक मारूं नये, जें बोलणें तें कानांत. आणि मग परसांतून भिजवलेली माती आणून ओसरीवर तिचा ढीग घातला, आणि बैल करावे ऐसें फर्माविलें. पहिली लढाई ती ही. श्यामसुंदररावांनीं मातीचा एक लांबट गोळा वळला, त्यास वर एक लहान गोळा बसविला, आणि ओळखावयास सांगितलें. पंत म्हणाले बैल. रावांनीं मान हलविली आणि कानांत सांगितलें कीं, ही आत्या आहे. आत्या स्वयंपाकघराचे दारांतून पाहत होत्या; त्यांनीं ती मूर्ति बारकाईनें पाहिली आणि नाक बरें साधलें नाहीं इतकाच अभिप्राय दिला. तोंवर कुसुमबाईसाहेबांनीं पंतांचा बैल शिंगांपासून खावयास घेतला होता. मग त्यांचें तोंड धुवावें लागलें, हात धुवावे लागले, पाय धुवावे लागले, आणि घंगाळांतील पाणी, तळचा एखादा तांब्या सोडून, सारें या एका लढाईंत खर्ची पडलें.

दुसरी लढाई गेरूची. दसऱ्याचीं आपट्याचीं पानें शिल्लक होतीं. पंतांनीं वाटींत गेरू कालविला, पान त्यांत बुडविलें आणि पाटावर दाबलें, तों पाटावर पानाचा सुरेख ठसा उमटला. श्यामसुंदरराव खूष जाहले. मग त्यांनीं विचार केला कीं, पान बुडवावें तर हात कां बुडवूं नये, आणि हात बुडविला, आणि पहिला पंजा खांबावर, दुसरा भिंतीवर आणि तिसरा पंतांच्या धुतलेल्या अंगरख्यावर पाठीमागून उमटविला. पंतांनीं तो वार निमूट सोसला, कारण ओरडावयाची सोय नव्हती. कुसुमबाईसाहेबांचाही पंजा लाल जाहला, आणि तो आपला सुंदर पंजा आईस दाखवावा ऐसें त्यांचे मनांत येऊन स्वारी एकदम माजघराकडे निघाली. पंत ढोपरांवर रांगत मागें धांवले, आणि उंबरठ्यावर पोंचून परकराचा काठ धरून त्यांनीं स्वारी परत वळविली. खोलींतून बाईंच्या श्वासाचा संथ आवाज येत होता. पंत तेथें क्षणभर तसेच थांबले. असा श्वास त्यांनीं बहुत दिवसांत ऐकिला नव्हता.

परंतु सूर्य अजून डोक्यावरून फारसा कलला नव्हता आणि पंतांचा दारूगोळा संपत आला होता. तेव्हां त्यांस दफ्तरांतली युक्ति आठवली. दफ्तरीं कागदास कागद जोडावयाचे, लखोटे चिकटवावयाचे, तें सारें खळीनें होतें, आणि खळ करण्यांत पंतांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनीं आत्यांकडे मूठभर कणीक मागितली. आत्यांस वाटलें, कणकेच्या चिमण्या करणार. त्यांनीं पंतांनीं पसरलेल्या उपरण्यांत वरूनच कणीक टाकिली. पंतांनीं ती घंगाळाच्या तळीं उरलेल्या पाण्यांत कालवून ओसरीवरच शेगडी मांडून शिजविली, आणि जुन्या कागदावर गेरूनें मोठा हत्ती काढिला, आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या व चिंचेचा पाला डकवावा ऐशी मसलत केली. मुलें हत्तीभोंवतीं बसलीं. काम रंगलें. पाकळीमागून पाकळी लागूं लागली, आणि पंतांनीं त्या दुपारीं पहिल्यानें भिंतीस पाठ टेकिली.

तोंच आत्यांस वास आला. आत्या दारांत येऊन उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजांत म्हणाल्या, "दिगंबरा, हे काय शिजवलंस?"

"खळ आहे, आत्या. चिकटवायला."

"कणीक पाण्यात शिजली म्हणजे अन्न झालं. सगळं खरकटं. तू, ती मुलं, तो खांब."

पंतांनीं अर्ज केला कीं, दफ्तरांत रोज हीच खळ लागते. आत्यांनीं निवाडा दिला, "मग दफ्तरही खरकटं." या एका वाक्यानें सरदारांचे तमाम तहनामे, सनदा आणि मोहरबंद लखोटे एका क्षणांत खरकटे जाहले, आणि आपण इतकीं वर्षें खरकट्या हातानें राज्य चालवीत आलों हें ध्यानीं येऊन पंत फार ओशाळले. ही चूक दुसरे शहरीं कोणास चूकही वाटली नसती. परंतु पुण्यांत राहून धान्य शिजविलें आणि तें खरकटें होईल हें ध्यानांत आलें नाहीं, याला काय म्हणावें तें आम्ही लिहीत नाहीं.

आतां हात धुणें प्राप्त. घंगाळ कोरडें. आडावर पाणी मुबलक, परंतु रहाट बाईंच्या खिडकीखालीं, आणि त्या रहाटाचा आवाज शनिवार पेठेंत जातो. स्वयंपाकघरांत हंडा भरलेला, परंतु तो सोवळ्याचा, आणि आत्या त्यापुढें उभ्या. हात धुवावे तर बाई जागी होते, न धुवावे तर घर बाटतें, ऐशा कैचींत पंत सांपडले. त्यांत श्यामसुंदररावांस खरकटें हा शब्द नवा मिळाला होता. त्यांनीं उठून खुंटीस हात लाविला आणि विचारलें, "हे खरकटं?" आत्या म्हणाल्या होय. त्यांनीं पंतांच्या पगडीस हात लाविला. "मग हे?" तेंही. मग कडी, मग कोनाडा, मग माजघराची चौकट, ऐसें एकेक ठाणें घेत राव आईच्या खोलीकडे सरकूं लागले, आणि दर ठाण्यास आवाज चढूं लागला.

ऐशा निकराचे समयीं राजश्री अनंतशास्त्री, समोरच्या घरचे, बाईंची प्रकृति विचारावयास आले. आत्यांनीं त्यांस खुणेनें वर घेतलें आणि निवाडा मागितला. तो सारा शास्त्रार्थ कुजबुजत जाहला. सदाशिव पेठेंत दोन माणसांनीं कुजबुजत वाद घातल्याचें आमच्या माहितींत दुसरें उदाहरण नाहीं. शास्त्रीबोवांनीं खळींत एक बोट बुडविलें, हुंगलें, आणि निर्णय सांगितला कीं, यांत मीठ नाहीं, याचा नैवेद्य नाहीं, खाण्याचा संकल्प नाहीं. सबब हें अन्न नव्हे, मातीच समजावी. पंतांनीं हात जोडले. इतक्यांत कुसुमबाईसाहेबांनीं वाटींत पंजा घालून तो तोंडांत रिकामा केला, मिटक्या मारिल्या, आणि आणखी पाहिजे म्हणोन वाटी पुढें केली. श्यामसुंदरराव चौकटीवरून परत फिरले, त्यांनींही बोट चाटिलें, आणि सांगितलें कीं मीठ कमी आहे.

"ऐका," आत्या म्हणाल्या.

शास्त्रीबोवांनीं निर्णय मागें घेतला. मग विचार करितां करितां त्यांचा हात संवयीनें शेंडीकडे गेला, आणि खळीचें बोट शेंडीस लागलें, आणि तेही या प्रकरणांत सामील जाहले.  राव पुन्हा चौकटीकडे निघाले होते.  तेव्हां शास्त्रीबोवा म्हणाले, "अन्न आहे, मान्य. मग ही पंगत झाली. पंगतीतून मध्येच कोणी उठतं का?"

 त्या घरची शिस्त ऐशी कीं, वडील आंचवावयास उठेपर्यंत पंगतींतून कोणीं हलूं नये, आणि हलल्यास आत्यांचे डोळे पुरेसे असत. त्यांनीं तेच डोळे रावांवर रोखिले. श्यामसुंदरराव माघारीं फिरले आणि हत्तीसमोर मांडी घालून बसले. पंत बसले. शास्त्रीबोवांचें बोट बुडालें होतें, सबब तेही बसले, आणि कुसुमबाईसाहेब त्यांच्या मांडीवर चढल्या. आत्यांनीं झेंडूची परडी घेतली आणि सोवळें संभाळून, कोणास न शिवतां, वरून पाकळ्या वाढूं लागल्या, आणि हात थांबला कीं, "घे अजून दोन," म्हणोन आग्रहही करूं लागल्या.

मग तें काम ऐसें चाललें कीं पाहावें. शास्त्रीबोवांकडे शेपटी दिली होती. त्यांनीं ती मागील बाजूस डकविली. रावांचा हुकूम जाहला कीं, शेपटी पुढें पाहिजे. शास्त्रीबोवा म्हणाले, आम्हीं हत्ती पाहिलेला आहे. राव म्हणाले, "तो तुमचा. हा माझा आहे." यावर शास्त्राधार मिळेना, तेव्हां शेपटी सोंडेशेजारीं लागली. कुसुमबाईसाहेबांनीं हत्ती सोडून शास्त्रीबोवांच्या टकलास पाकळ्या लाविल्या, आणि त्या फार पक्क्या बसल्या. पंत खळ करण्यांत खरेच वस्ताद होते.

ऊन खांबावरून उतरून अंगणांत गेलें. श्यामसुंदरराव पाकळी हातांत धरून पंतांच्या मांडीवर कलंडले आणि निजले, आणि त्यांचा पंजा पंतांच्या धोतरास चिकटला. कुसुमबाईसाहेब शास्त्रीबोवांच्या कुशींत निजल्या. मुलें जागीं होतील म्हणोन कोणास हलतां येईना. शास्त्रीबोवांच्या नाकावर माशी बसली. हात खरकटा, सबब ती तेथेंच राहिली. संध्येची वेळ टळूं लागली, पायांस मुंग्या आल्या, पंतांची पाठ मोडून आली, आणि तरी कोणीं हूं केलें नाहीं. आत्यांनीं एकट्यांनीं देवापाशीं दिवा लाविला.

दिवा लागला आणि माजघराचें दार उघडलें. मंदाकिनीबाई उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. झोंपेनें चेहरा भरून आला होता, डोळे निवळले होते, आणि भाद्रपदापासून गेलेला रंग गालांवर आला होता. पंतांनीं तो पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि हात खरकटे म्हणोन पुसतां आले नाहींत. त्यांनीं कुजबुजत विचारलें, "झाली झोप?"

बाई म्हणाल्या, "झाली." मग त्यांनीं सारी सदर पाहिली: लाल पंजे, खांब, भिंत, तोंडाशीं शेपटी असलेला हत्ती, फुललेले शास्त्रीबोवा, आणि पंतांच्या मांडीवर निजलेला लेक. पंतांची कल्पना कीं, आतां बाई येतील, मुलें उचलतील, आणि वेढा उठेल. बाई थोड्या हंसल्या. मग मागें सरल्या, दार हलकेंच लोटलें, आंतून कडी घातली, आणि पुन्हा निजल्या.

येणेंप्रमाणें फत्ते जाहली. दिवेलागणीपर्यंतची झोंप वैद्यांचे हुकुमानें दिगंबरपंतांनीं जिंकून दिली, त्यांत तुळजाबाई आत्या आणि अनंतशास्त्री यांनीं शर्थ केली, हें येथें नमूद असे. त्यापुढचा मुलूख, पहांटेपर्यंतचा, ठरावांत नव्हता; तो बाईंनीं खाशांनीं घेतला, आणि पंतांनीं तो बिनतक्रार सोडिला. ताप परत आला नाहीं.