पट्टी जांभळी का होईना?

एकच पट्टी घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. डबीत पट्ट्या भरपूर होत्या. एक गेली तर कुणाचं काय बिघडणार होतं? (लग्नाला पाच आठवडे झालेल्या बाईला असे प्रश्न पडू नयेत. पडले तर तिने झोप काढावी.)

पट्ट्या आमच्या इन्स्पेक्टरच्या. म्हणजे जाऊबाईंच्या आठ वर्षांच्या लेकीच्या. तिला फिट्स येतात. औषधं बदलून झाली तरी हटेनात, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला कीटो आहार सुरू केला. साखर, पाव, बटाटा बंद. लोणी, साय, तेल, अंडी, सगळं ग्रॅमवर मोजून. बशीला लागलेलं तेलसुद्धा निपटून पोटात गेलं पाहिजे. पोरगी काट्यासमोर अशी उभी राहते की लोणीसुद्धा घाबरून वितळावं. म्हणून ती इन्स्पेक्टर. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची. जांभळी झाली की शरीर चरबीवर चाललंय. फिट न आलेल्या प्रत्येक दिवसाची कॅलेंडरवर हिरवी खूण. त्या दिवशी एकेचाळीस होत्या.

आहारतज्ज्ञ बाईंनी मलाही समजावलं होतं. "फिट म्हणजे मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम बोलायला लागतात. साखर काढून चरबी दिली की यकृत कीटोन बनवतं, मेंदू त्यावर चालतो, आणि पेशी जरा कमी उतावळ्या होतात."

"पण का?"

"अंदाज बरेच आहेत. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही."

सगळे एकदम बोलतात! माझ्या डोळ्यांपुढे आमचं जेवणाचं टेबलच आलं. माझ्या मेंदूतल्या पेशी मात्र हात वर करून परवानगी मागत असणार. मग माझी पट्टी कशी होईल? मी गुपचूप साखर, पाव, बटाटा सोडला. रोज दुपारी डबी बाथरूममध्ये न्यायची, पट्टी बुडवायची, घड्याळ बघत बसायचं. पाच दिवस, पाच पट्ट्या. सगळ्या फिकट.

सहाव्या सकाळी इन्स्पेक्टरची हाक आली, "आई, पट्टी जांभळी होत नाहीये!"

जाऊबाई नुसत्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. या घरात सगळे एकदम गप्प झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"कोणी दिलं हिला गोड?" सासूबाई कडाडल्या. "खरं बोला!"

"मी देत नाही," सासरे म्हणाले. "मी फक्त खातो. गाडीत बसून. चॉकलेट."

"मी बाथरूममध्ये. केक. नळ सोडून," माझा नवरा पुटपुटला.

"तरीच टाकी रिकामी होते मेली!"

"आई, आणि कपाटात चादरींखाली तो खोका कसला गं?" नवऱ्याने उलट विचारलं.

"तो? तो पाहुण्यांसाठी!"

(पाच आठवड्यांत घरात नवीन माणूस एकच आलं होतं. त्याला काही मिळालेलं नाही.)

"सगळे चोरून खाता?" इन्स्पेक्टर कमरेवर हात ठेवून म्हणाली. "समोर खा की! मला खाण्याचं काही नाही वाटत. कुजबुजीचा कंटाळा येतो."

जाऊबाईंनी तोवर आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला होता. "डबी उघडी राहिली होती का?" पलीकडून त्या विचारत होत्या. "दमट हवा लागली की पट्ट्या बाद होतात. आधी नवी डबी आणून बघा."

"छे, आमची डबी फडताळात असते."

इन्स्पेक्टरने पट्ट्या टेबलावर ओतून मोजल्या. "पन्नासातल्या नऊ मी वापरल्या. इथे छत्तीस आहेत. पाच कुठे गेल्या?"

"मी नेल्या," मी म्हणाले. "बाथरूममध्ये. झाकण... राहिलं असेल उघडं. मला फक्त बघायचं होतं."

"आणि आम्ही हिला गरीब समजत होतो!" सासूबाई.

नवरा चपला घालता घालताच पळाला. तो येईपर्यंतची वीस मिनिटं मी फरशीचे चौकोन मोजले. नवी पट्टी बुडली, आणि बघता बघता वांग्यासारखी गडद जांभळी झाली. जाऊबाई खुर्चीत बसल्या, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "अगं, विचारायचं तरी!"

"तुम्ही सगळे बोलत होतात."

आधी सासरे हसले, मग सगळेच.

"आता काकूची खरी टेस्ट," इन्स्पेक्टरने पट्टी पुढे केली. पाच दिवसांचं तप फळाला येणार म्हणून मी ऐटीत गेले. फिकट.

"शक्यच नाही! या घरात चोरून न खाणारी मी एकटी आहे!"

इन्स्पेक्टरने वही उघडली. "काकू. रोज दुपारी, लोळताना. क्रीमची बिस्किटं."

"दोनच असतात गं! ती काय मोजायची?"

"दोन म्हणजे किती ग्रॅम?"

तिने माझी उशी आणली, सगळ्यांसमोर अभ्रा काट्यावर झटकला आणि वाकून आकडा वाचला.

नुसता चुराच नऊ ग्रॅम भरला.