समसमान नाराजी

फुटबॉलचा पंच निःपक्षपाती आहे की नाही, हे ठरवण्याची आमच्या महासंघाची पद्धत अत्यंत शास्त्रीय आहे. सामना संपला की दोन्ही संघांकडून तक्रारी मागवायच्या. दोन्हीकडून सारख्याच आल्या, तर पंच उत्तम.

हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पंच म्हणून पहिल्याच मोठ्या सामन्यात माझ्याकडून एकही चूक झाली नाही. हरलेल्यांनी तक्रार केली, जिंकलेल्यांनी नाही. पंच समितीच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं, बसायला खुर्ची दिली आणि दुसऱ्या बाजूशी माझं काही साटंलोटं आहे का, अशी आपुलकीने चौकशी केली. माझे निर्णय बरोबर होते, असं मी चाचरत म्हणालो.

"असतील हो," अध्यक्ष म्हणाले. "पण समितीला त्याचा उपयोग काय?"

मी माणूस समंजस. पुढच्या सामन्यापासून एका संघावर खोटी पेनल्टी लादली, की दुसऱ्याचा एखादा निरुपद्रवी खेळाडू बाहेर काढू लागलो. दोन्हीकडचे प्रशिक्षक माझ्या नावाने बोटं मोडायला लागले आणि बघता बघता छातीवर आंतरराष्ट्रीय पंचाचा बिल्ला आला. विमानतळावर दोन देशांचे लोक मला एका सुरात शिव्या घालत. सासरेबुवांना जावयाचं फार कौतुक वाटे.

मग अंतिम सामना मिळाला. तो नीट पार पडला तर थेट समितीवर नेमणूक, नाहीतर पुन्हा गल्लीतले सामने. अगदी शेवटच्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या चांगला हातभर आत गेला. गोल दिला तर एक संघ ओरडणार, नाकारला तर दुसरा. मी शिट्टी तोंडात धरून विचार केला. गोल रद्द केला, आणि ज्या गोलरक्षकावर तो झाला होता त्याला, गोल झाल्यासारखा चेहरा केल्याबद्दल, लाल कार्ड दाखवलं.

दोन्ही संघ माझ्या अंगावर धावून आले. समिती उभी राहून टाळ्या वाजवत होती.

घरी बायकोने दार उघडता उघडता विचारलं, "अहो, गोल होता ना?"

"तू कुठल्या संघाची?"

"कुठल्याच नाही. मला दिसला."

अशा प्रेक्षकांची आमच्या नियमांत तरतूदच नाही. मी बॅग रिकामी करायला घेतली.

हल्ली मी समितीवर असतो. हे वाचून तुम्हीही माझ्यावर चिडला असाल. पण मी रद्द केलेला तो गोल तुमच्या संघावर झाला होता असं कळलं, तर गोलरक्षकाच्या लाल कार्डाचं तेवढं सोडून देऊन, माझ्याइतका नजरेचा पक्का पंच झाला नाही असं सगळ्यात आधी कोण म्हणेल?