महालिंगअप्पांची अकरा जास्तीची पोरं

कॉम्प्युटरवर एका टेबलातला शाळेच्या पटाचा डेटा दुसऱ्या टेबलात नेण्याआधी महालिंगअप्पा चपला दाराबाहेर काढतात. मग हात धुतात, पंखा बंद करतात आणि खोलीतल्या सगळ्यांना गप्प बसवतात. उमरग्याजवळच्या आमच्या शाळेत ते कारकून आहेत. मी गणित शिकवते, म्हणून मेळ बसल्याची सही माझ्या गळ्यात.

डेटा हा शब्द त्यांना खपत नाही. "पोरं हायती ती, बाई." त्यांच्या लेखी कॉम्प्युटरला द्यायची 'सिलेक्ट' ही आज्ञा म्हणजे पोरं रांगेत उभी करणं, 'इन्सर्ट' म्हणजे नव्या वर्गात नेऊन बसवणं. 'व्हेअर' हा दारातला शिपाई, अट पुरी करील त्यालाच आत सोडणारा. नेण्याआधी मोजायचं, नेल्यावर मोजायचं, तेही कानडीत. मराठीत मोजताना लक्ष उडतं म्हणे.

एकदा एंटर दोनदा दाबला गेला आणि शाळेतल्या प्रत्येक पोराला जुळं झालं. अप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. तेव्हापासून एक नाव जरी कमीजास्त भरलं, तरी नवं टेबल रिकामं करून सगळं पहिल्यापासून. त्यात माझ्या कित्येक मधल्या सुट्ट्या गेल्या आहेत.

यंदा जानेवारीत नवी यंत्रणा आली. दिवाळीपासून गैरहजर असलेली नावं नव्या टेबलात घेऊ नका, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं. जुनं टेबल नंतर पुसलं जाणार होतं. हजर पोरं तीनशे बारा. अप्पांनी नेली, मोजली. तीनशे तेवीस भरली.

आता पुन्हा पहिल्यापासून, म्हणून मी मुकाट खुर्ची ओढली. अप्पा हलले नाहीत.

"ऱ्हाऊ द्या, बाई."

"अकरा जास्त आहेत, अप्पा."

"ठाव हाय मला."

मी यादी चाळली. अकराही पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. गैरहजेरीची अट अप्पांनी लावलीच नव्हती.

"चैत्रात येतेत ती," अप्पा पडद्याकडं बघत म्हणाले. "पटावर नाव न्हाय म्हणलं की पोरगं भांडत न्हाय, माघारी जातंय. म्या सातवीत असाच तोडीवरनं आलो अन् माघारी गेलो. का गेलास म्हणून कुणी इचारलं बी न्हाय."

मेळाच्या कागदावर मी लिहिलं, 'शाळेची पोरं तीनशे तेवीस, नेली तीनशे तेवीस', आणि सही करून तो कागद घेऊन मीच मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीकडं निघाले.