सौनातल्या चोवीस बाटल्या

एकतीस वर्षं मी अमेरिकेत, वरच्या मिशिगनमधल्या रस्त्यांवर बर्फ हटवायचा ट्रक चालवला. वादळात चालवला, धुक्यात चालवला, एकदा तर दाढ ठणकत असताना चालवला. तेव्हा वही घेऊन येणाऱ्या एका बाईला मी घाबरेन असं ज्याला वाटतं, त्याने आर्वो कांगासला ओळखलेलंच नाही. घर पास होणार म्हणजे होणारच, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं.

प्रश्न टेसाचा होता. ही अकरा वर्षांची पोर सरकारने मला 'फक्त पंधरा दिवस' सांभाळायला दिली, त्याला आता चौदा महिने झाले. मला मुलं आवडत नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी तिच्या कानावर घातलं होतं. "मलाही म्हातारे आवडत नाहीत," ती म्हणाली. तेव्हापासून आमचं बरं जमतं. पण दर वर्षी घराची तपासणी होते, आणि घर नापास झालं तर मुलीला दुसरीकडे हलवतात. ते आठवलं की मला कॉफीसुद्धा गोड लागत नसे.

तपासणी गुरुवारी होती, ती बर्फामुळे शनिवारी अकरावर गेली. शनिवारी सकाळी टेसा नियमांचा कागद घेऊन माझ्यासमोर बसली.

"आजोबा, दारू कुलपात हवी असं लिहिलंय."

"घरात दारू नाही."

"सिंकखाली चोवीस बाटल्या आहेत."

"ती बिअर आहे. मी घरी केलेली."

टेसाने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने उठलो. कपाटांना कुलपं नव्हती. ट्रकमध्ये ठेवावी तर बिअर गोठून बाटल्या फुटणार. राहता राहिला अंगणातला सौना, म्हणजे आमची वाफेने अंघोळ करायची लाकडी खोली. तिला दणकट कुलूप आहे. मी चोवीसच्या चोवीस बाटल्या आतल्या वरच्या फळीवर मांडल्या, कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली.

हे वाचणारा कुणी आमच्यासारखा मूळचा फिनलंडचा असेल तर त्याने इथेच कपाळावर हात मारला असेल. शनिवार हा सौनाचा वार. माझा शेजारी ऑनी गेली बावीस वर्षं दर शनिवारी दोनच्या ठोक्याला येतो, खिळ्यावरची किल्ली घेतो, सौनाच्या बाहेरच्या छोट्या खोलीतून भट्टी पेटवतो आणि तिथेच कपडे काढून डुलक्या घेत बसतो. तो कुणाला विचारत नाही, मीही कधी बघायला जात नाही. दोनच्या आत तपासणी उरकेल या हिशोबात ऑनी माझ्या डोक्यातून साफ निघून गेला होता.

तपासणीच्या ब्रुनेलबाई अडीचला पोचल्या. पुन्हा बर्फच. कोट झटकला, वेलचीचा पाव खाल्ला, वही उघडली. आग विझवायचं नळकांडं बघितलं, बरोबरची खूण केली. औषधांची पेटी बघितली, खूण केली. मी टेसाला डोळा मारला.

"घरात बंदूक आहे?"

"एक. कपाटात, कुलपात. गोळ्या वेगळ्या ठेवल्यात. कित्येक वर्षांत इथे गोळी झडलेली नाही."

ठो.

बाईंचं पेन थांबलं. ठो, ठो. मग एकदम सात-आठ, मग मोजताच येईनात. बाई टेसाला घेऊन टेबलाखाली गेल्या. अंगणातलं दार धाडकन उघडलं आणि कमरेला पंचा, अंगभर फेस आणि कपाळावर टेंगूळ अशा थाटात ऑनी बर्फातून धावत थेट स्वयंपाकघरात आला.

"आर्वो, तुझ्या सौनाने मला मारलं," तो म्हणाला.

बिअर उकळून बुचं उडाली होती आणि तो नेमका तेव्हाच आत शिरला होता, हे त्यानेच धापा टाकत सांगितलं. बाई टेबलाखालून बाहेर आल्या, केस नीट केले. "ती दारू तिथे कुणी ठेवली?"

संपलं सगळं. "मी ठेवली," मी म्हणालो.

"खोटं आहे," टेसा म्हणाली. "मी ठेवली. त्यांना माहीतही नव्हतं."

"ए, गप्प बस. पोरगी थापा मारतेय, बाई."

"भट्टी मी पेटवली," ऑनी पंचा सावरत म्हणाला. "चूक माझीच. यांना कशाला बोलता?"

मी टेसाकडे बघतच राहिलो. आली तेव्हा ही पोर चमचा पडला तरी कुणी विचारायच्या आत 'मी नाही' म्हणायची. आज न केलेला गुन्हा अंगावर घेऊन माझ्यापुढे उभी होती.

ब्रुनेलबाई आळीपाळीने आमच्याकडे बघत होत्या. "वीस वर्षं घरं तपासतेय," त्या म्हणाल्या. "कुणी केलं विचारलं की लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. एका घरात तर कुत्र्याकडे दाखवलं. चूक माझी म्हणून भांडणारे तिघं आज पहिल्यांदा पाहिले." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "सोमवारपर्यंत सिंकखालच्या कपाटाला कुलूप बसवा. मुलगी इथेच राहील."

मी "हं" म्हणालो. आणि बाईंच्या ताटलीत दुसरा पाव ठेवला.

मग टेसा बाईंना म्हणाली, "तुम्ही गारठलात. सौना तापलाय, चला ना. आमच्याकडे बायकांचा नंबर आधी असतो."

ऑनीने आणि मी फळ्या धुऊन दिल्या. आत गरम पावासारखा वास सुटला होता. त्या दोघी गेल्या, आणि चांगले दोन तास बाहेर आल्या नाहीत. आम्ही दोघं पायरीवर कुडकुडत त्यांचं हसणं ऐकत बसलो. पोर माझ्याकडे राहिली, आणखी काय हवं मला? फक्त आमचा नंबर आला तेव्हा भट्टी विझली होती, आणि प्यायला एक बाटलीही उरली नव्हती.