सगळं येणारा जादूगार

बायको माहेरी निघून गेली त्या आठवड्यात ड्राफ्ट्समनपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की आता रविवारी जखमा कोण भरणार?

दुसरा एखादा नवरा असता तर ती का गेली, हा प्रश्न त्याला आधी पडला असता. पण ड्राफ्ट्समनचं डोकं आराखड्यासारखं चालायचं. ऑफिसात साहेबांनी एखादी भिंत खोडली की ती का खोडली हे विचारायची सोय नसते, छत आता कशावर टेकवायचं तेवढंच बघायचं असतं. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तेच करतो.

दर रविवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ रंगायचा. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. भूगोल शिकवणारे सर सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायचे, "समोर गुहा आहे, आतून कोणीतरी गुरगुरतंय, बोला, काय करता?" मग आपलं पात्र काय करणार ते सांगायचं आणि फासे टाकायचे. फासे म्हणतील ते खरं. ड्राफ्ट्समन तलवारबहाद्दर होता. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चोर होता. एरवी तो विमा विकायचा, त्यामुळे त्याला सराव होता. बायको मंत्राने जखमा भरणारी वैद्य होती. आठवडाभर ती लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची आणि रविवारी टेबलावर नवऱ्याचं रक्त थांबवायची.

ते रक्त फार वाहायचं. ड्राफ्ट्समन कोणालाही न विचारता पुढे घुसायचा, मनसोक्त मार खायचा आणि बायकोचा नंबर आला की ती तोंड उघडायच्या आत ओरडायचा, "मला बरं कर!" इतक्या वर्षांत तिने स्वतःहून एक साधा दगडसुद्धा कोणाला मारला नव्हता. गेल्या खेळात ती पहिल्यांदाच म्हणाली, "आज मी त्या राक्षसावर वीज टाकते."

"वीज कसली टाकतेस? माझ्या बरगड्या बाहेर आल्यात!"

"तुझ्या बरगड्या दर रविवारी बाहेर येतात."

"मग भर ना!"

तिने भरल्या. मग फासे डबीत ठेवले, टेबल पुसलं, कपबश्या विसळल्या, आणि दोन दिवसांनी बॅग भरली. जाताना दारात म्हणाली, "तिथेही तेच आणि इथेही तेच. कंटाळा आला रे."

ड्राफ्ट्समनने यावर रात्रभर विचार केला आणि निष्कर्ष काढला की तिला कामाचा भार फार झाला होता. इथपर्यंत त्याचं बरोबरच होतं. पण पुढे त्याने ठरवलं, की तिचं काम दुसऱ्या कोणीतरी उचललं की ती परत येईल. आणि इथे त्याने जी वाट धरली, ती त्याला थेट खड्ड्यात घेऊन गेली.

"माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई यायला तयार आहेत," सर फोनवर म्हणाले. "वैद्य होतील त्या."

"तिच्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही, सर." तिच्या उशीवर मांजर बसलं तरी त्याला हल्ली सहन होत नव्हतं. "मीच बघतो काय ते."

त्याने तलवारबहाद्दर मोडीत काढला आणि जादूगार करायला घेतला. ऑफिसातून मोठा ट्रेसिंग कागद आणला, पेन्सिलींना टोकं केली. या खेळात पात्राला दहा पायऱ्या चढता येतात. वैद्य दहाही पायऱ्या उपचारविद्येच्या चढतो. ड्राफ्ट्समनने त्या वाटून टाकल्या. थोड्या उपचारविद्येच्या, थोड्या अग्निविद्येच्या, थोड्या मायाविद्येच्या, आणि उरलेली एक कुलपं उघडण्याच्या विद्येची. माणसं कमी, तर एकाने सगळं शिकावं, असा साधा हिशोब. जादूगाराचं नाव ठेवलं अष्टावधानी.

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "रेखाटलंय सुंदर. पण सगळ्यांचं थोडं थोडं घेतलंस तर कशाचंच शेवटचं टोक गाठता येत नाही, ठाऊक आहे ना? मेलेल्याला उठवणारा मंत्र दहाव्या पायरीवर मिळतो. आणि कवच, उजेड, अदृश्य होणं, हे जे धरून ठेवायचे मंत्र असतात, त्यांतला एका वेळी एकच धरता येतो. दुसरा धरला की पहिला सुटला."

"सर, मी घरी एकटा राहतोय सध्या," ड्राफ्ट्समन म्हणाला. "मला सवय आहे."

सवय त्याला होती, यश नव्हतं. त्याच सकाळी त्याने एका हाताने इस्त्री, दुसऱ्या हाताने दूध आणि खांद्याने फोन धरला होता. दूध वाचलं. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा आकार आला.

पहिल्या रविवारी मात्र अष्टावधानीने मैदान मारलं. दार लागलं, त्याने मंत्राने कुलूप उघडलं.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "कुलूप माझं काम आहे."

"वेळ वाचला ना!"

पहारेकरी आले, त्याने जाळले. मेहुण्याला बाण लागला, मेहुणा 'आई गं' म्हणेपर्यंत त्याने जखम भरून टाकली. मेहुण्याचे फासे डबीतून बाहेर आलेच नाहीत. त्याने सगळे शेंगदाणे संपवले आणि सोललेली सालं नीट एका रेषेत मांडत बसला. दोघांवर भारी पडेल इतकी फौज सरांनी आणली, तर अष्टावधानीने मेहुण्यावर कवच धरलं आणि एकट्याने लढाई लावून धरली.

नेमका तेव्हा बायकोचा फोन आला.

"जरा बोलायचं होतं," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज मऊ होता.

"एक मिनिट हं. कवच धरून ठेवलंय. सोडलं तर तुझा भाऊ मरेल."

"धर," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

"समजूतदार आहे," ड्राफ्ट्समनने टेबलाला सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मेहुण्याने शेंगदाण्याचं एक साल रेषेबाहेर सरकवलं.

पुढच्या आठवड्यात मेहुण्यानेच बातमी आणली. "ताई रविवारी येणारे. खेळायला. उगाच काही बोलू नका दाजी, नुसतं खेळा."

त्या आठवड्यात ड्राफ्ट्समन घरात पिसाटासारखा वावरला. जाळ्या काढल्या, पडदे धुतले, एक पडदा उलटा लावला. तिच्या खुर्चीचा हलणारा पाय त्याने खिळा मारून बसवला. तिने तीन वर्षं मागे लागूनही तो त्याने बसवला नव्हता. ती आता आलीच पाहिजे, असं त्याला मनापासून वाटत होतं. घर खायला उठतं म्हणतात ते त्याला कळलं होतं. आणि तिला कसं थांबवायचं तेही, त्याच्या मते, कळलं होतं. तिला दाखवून द्यायचं, की बघ, आता तुझ्यावर कसलाच भार नाही.

रविवारी ती आली. हातात तीच बॅग होती. उरलेले कपडे न्यायला आली, असं ड्राफ्ट्समन समजला. म्हणजे आज हुकलं की हुकलंच. त्याने बॅग तिच्या हातातून न घेता नुसतंच म्हटलं, "ठेव ना तिथे, चपलांच्या स्टँडपाशी."

ती खुर्चीत बसली. बसताना नेहमीसारखी जरा सावरून बसली, पण खुर्ची हलली नाही. तिने खाली वाकून पाय बघितला आणि हसली. गोष्ट तिथे थांबली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

"तुझी वैद्य दहाव्या पायरीवर आलीय बरं का," सर तिचा कागद पुढे सरकवत म्हणाले. "मागच्या वेळी याच्या बरगड्या भरल्यास ना, त्यानेच तुझी शेवटची पायरी चढून झाली. आता तुझ्याकडे मोठा मंत्र आहे. दिवसातून एकदाच. मेलेल्याला उठव, नाहीतर समोरच्यावर महावीज टाक."

"अरे वा," ती म्हणाली आणि तिने फासे हातात खुळखुळवले. "चला. मी काय करू?"

"काही करू नकोस!" ड्राफ्ट्समन उत्साहाने म्हणाला. "तू आरामात बस."

मेहुण्याने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. ड्राफ्ट्समनने पाय बाजूला घेतला.

दाराला कुलूप होतं, अष्टावधानीने उघडलं. मेहुण्याचा पाय सापळ्यात अडकला. बायको म्हणाली, "थांब, मी बघ..." आणि अष्टावधानीने तो बरा केलासुद्धा. वटवाघळं आली, ती भाजून निघाली. प्रत्येक वेळी ड्राफ्ट्समन कौतुकाच्या आशेने तिच्याकडे बघत होता. ती हातातले फासे बघत होती.

"बघितलंस?" शेवटी न राहवून तो म्हणाला. "आता तुझ्यावाचून काही अडत नाही."

"हो," ती म्हणाली. "दिसतंय."

तिने फासे टेबलावर ठेवले. सरांनी घाईघाईने राक्षस आणला.

राक्षस दगडी होता आणि दरीवरच्या पुलावर उभा होता. गुहेत काळोख. अष्टावधानीने उजेडाचा मंत्र धरला. राक्षसाने मेहुण्यावर गदा उगारली, म्हणून त्याने कवच धरलं आणि उजेड सुटला. काळोखात मेहुण्याचा चोर पुलावरून खाली घसरला. त्याला अधांतरी धरायला अष्टावधानीने तरंगण्याचा मंत्र धरला, तर कवच सुटलं.

"दाजी, मला सोडा, स्वतःकडे बघा!"

"मला सगळं येतं!"

"येतं रे," सर म्हणाले, "पण धरता एकच येतं." त्यांनी फासे टाकले, ते बघून तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्यांदा मोजले. "गदा बसली. अष्टावधानी मेला."

मेहुणा कसाबसा वर चढला. आता एकटी तीच काही करू शकत होती. ड्राफ्ट्समनने सवयीने तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांची सवय, तेच शब्द बाहेर आले.

"मला उठव ना!"

तिने फासे उचलले. त्याच्याकडे बघितलं, चांगलं निवांत बघितलं. मग सरांकडे वळून म्हणाली, "महावीज. राक्षसावर."

फासे पडले. असे फासे त्या टेबलावर कधी पडले नव्हते. राक्षसाचे तुकडे झाले, पूल मोकळा झाला, मेहुणा खुर्चीवर उभा राहून ओरडला, "ताई!" आणि ती हसत होती. ड्राफ्ट्समनने तिला असं हसताना बघून वर्षं झाली होती. क्षणभर त्यालाही आनंद झाला.

"आणि याचं काय?" सरांनी मेलेल्या अष्टावधानीच्या सोंगटीकडे बोट दाखवलं.

"त्याचं काही अडत नाही," ती म्हणाली आणि उठली. कपात चहा तसाच राहिला. दारात तिने बॅग उचलली, तर मेहुण्याने ती तिच्या हातातून घेतली आणि जिन्यापर्यंत नेताना त्याला धाप लागली.

ड्राफ्ट्समन त्याच्यामागे गेला. "इतकी जड? कपाटातलं तर तिने काहीच काढलं नाही."

मेहुण्याने बॅग पायरीवर टेकवली आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, ज्या नजरेने तो हप्ते बुडवणाऱ्यांकडेही बघत नसे. "भरलेली आणली होती, दाजी. ती राहायला आली होती."

त्यानंतरच्या रविवारी ड्राफ्ट्समनने टेबल पुसलं, शेंगदाणे काढून ठेवले, ट्रेसिंग कागदावर नवीन पात्र काढलं. त्याला काहीच येत नव्हतं. तो नुसता मशाल धरून सगळ्यांच्या मागून चालणारा माणूस होता. दुपार उलटली तरी कोणी आलं नाही. त्याने मेहुण्याला फोन लावला. पलीकडे फाशांचा खुळखुळाट ऐकू येत होता.

"आता इथेच खेळतो आम्ही, आईकडे," मेहुणा आवाज खाली आणून म्हणाला. "सर पण इकडेच आलेत. आईने तलवार घेतलीय. घुसत नाही ती उगाच, पण एक घाव फुकट घालवत नाही."

"मशालीला कोणी हवंय का?"

मेहुण्याने फोनवर हात ठेवून विचारलं असावं. मागून सासूबाईंचा आवाज आला, बायकोचा आला, सर काहीतरी पुटपुटले.

"सध्या नको म्हणतात."

"बरं," ड्राफ्ट्समन म्हणाला. "आणि माझा तो अष्टावधानी? पुलावर पडलाय तो. त्याला पुरलं का?"

"नाही. सर म्हणत होते पुरून टाका, वाटेत येतो. ताईकडे आज परत मंत्र आहे म्हणून मीसुद्धा विचारलं, दाजी, खरंच विचारलं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, राहू दे. सगळं येतं त्याला. उठेल आपला आपण."